सरांच्या नावावर लावलेला शब्द

स्मरणिकेच्या समितीतून फोन आला. बोलणारा शिक्षक मी निवृत्त झाल्यावर शाळेत लागलेला. म्हणाला, "सर, इंग्रजीच्या सरांवर तुम्ही दोन पानं लिहा. तुम्ही त्यांचे विद्यार्थी बी होता आन् सहकारी बी. जरा खुसखुशीत येऊ द्या. ते लाल पेन, लग्नपत्रिका, असले किस्से."

मी विचारलं, "ते शाळेतून कसे गेले, ते लिहू का?"

तो म्हणाला, "त्याची काय गरज न्हाई सर. यादीत आपण त्यांच्या नावापुढं 'सेवानिवृत्त' टाकलंय. सगळ्यांच्याच पुढं तसं टाकलंय."

सेवानिवृत्त. सरांना बडतर्फ केलं होतं. चौकशी बसवून, अहवाल लिहून, नांदेडच्या भर शाळेत सगळ्यांच्या देखत. आणि ते माझ्या एकपानी निवेदनावर केलं होतं. आता तीच शाळा त्यांच्यावर खुसखुशीत मजकूर मागते, आणि तो लिहायला माणूस कोण शोधते, तर मी. संताप कुणाचा करायचा हेही कळेना. समितीचा करावा तर तिनं फक्त फोन केला होता. ज्याचा करायचा, तो माझ्याच खुर्चीत बसला होता.

तेव्हा किस्से सांगतो. पण सगळे सांगतो.

सर ठेंगणे, काळेसावळे, चालायला फार जलद. पांढरा सदरा कायम बाहेर, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन त्यांना गप्प बसू देत नसे. दुकानाच्या पाटीवर इंग्रजी चूक दिसली की आत जाऊन मालकाला सांगत. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या मुलीची लग्नपत्रिका इंग्रजीत छापून आली, तेव्हा सरांनी तिच्यात नऊ चुका काढल्या, पाकिटात घालून परत पाठवली, आणि लग्नालाही गेले. पंगतीत बसून पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "सर, साहेबांना राग आला असंल." ते म्हणाले, "का? दुसरी मुलगी आहे ना त्यांना. तिच्या वेळी उपयोगी पडंल."

त्यांचं असं होतं. ते टोमणा मारत नव्हते. चूक दाखवणं हा त्यांना आहेर वाटायचा.

वर्गात फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात ते महिन्याच्या पहिल्या दिवशी एक शब्द लिहायचे. त्याला ते 'मुक्कामाचा शब्द' म्हणायचे. तो महिनाभर कुणी पुसायचा नाही. महिन्यात प्रत्येकानं त्या शब्दाचं एक वाक्य करायचं, पण ते खरं घडलेलं पाहिजे. राम आंबा खातो, सीता बाजारात जाते, असली वाक्यं ते घेत नसत. "कोण राम? कुठल्या झाडाचा आंबा? तू होतास तिथं?" एखाद्यानं "माय फादर इज अ काइंड मॅन" लिहिलं की विचारायचे, "कधी होता काइंड? दिवस सांग." आम्ही हसायचो. घरी जाऊन मात्र बापाकडं निरखून बघायचो.

मी दहावीत असताना एका महिन्यात फळ्यावर शब्द आला : कॉन्ट्युमेशस. वर्गात कुणाला तो धड उच्चारताही येईना. महिना संपत आला तरी वह्या कोऱ्या. शेवटी मागच्या बाकावरच्या एकानं वाक्य आणलं. आमचा देवणी बैल कॉन्ट्युमेशस आहे.

सर म्हणाले, "त्याला हुकूम कुणी दिला?"

"माझ्या बापानं."

"काय दिला?"

"चल म्हणले."

"बैलाला कळला?"

"कळला असंल की सर. पण लई माजलाय त्यो, चालतच न्हाई."

"मग तो हट्टी आहे. हट्टी वेगळा, माजलेला वेगळा, आणि हा वेगळा." सर खडू ठेवून टेबलावर बसले. टेबलावर बसले की गोष्ट असायची. "हा शब्द कोर्टातला आहे. माझे वडील अदालतीत शिपाई होते. पुकारा करायचं काम त्यांचं. अमका तमका हाजिर हो, असं तीनदा ओरडायचं. तीनदा ओरडूनही माणूस आला नाही की आत लिहिलं जायचं, गैरहजर. पण बाबा तीनदा ओरडून थांबत नसत. फाटकाबाहेर लिंबाखाली खेड्यातली माणसं बसलेली असायची. कुणी म्हातारं, कुणी बहिरं. बाबा तिथवर चालत जायचे, नाव विचारायचे, हाताला धरून आणायचे. साहेब ओरडायचा, किती वेळ लावतो म्हणून. बाबा म्हणायचे, ऐकू गेलं न्हाई तर त्याचा काय गुन्हा."

मग त्यांनी तीन बोटं वर केली. हुकूम देणाऱ्याला तो द्यायचा अधिकार पाहिजे. हुकूम त्या माणसाच्या कानापर्यंत पोचला पाहिजे. आणि पोचल्यावर त्यानं जाणूनबुजून, छाती पुढं काढून तो मोडला पाहिजे. तिन्ही असलं तर हा शब्द वापरायचा. "यातलं एक जरी नसलं आणि तुम्ही हा शब्द कुणाला लावला, तर तुम्ही त्या माणसावर खोटा आळ घेतला. मग इंग्रजी कितीही चांगलं असू द्या."

त्या महिन्यात कुणाचंच वाक्य झालं नाही. सरांनी शब्द पुसला आणि म्हणाले, "चांगलं झालं. असला माणूस आपल्यात कुणी बघितला नाही."

मी त्यांचा लाडका विद्यार्थी होतो हे लिहायला आज लाज वाटते, पण होतो. अर्धापूरकडचं आमचं केळीचं रान, घरात कुणाला इंग्रजीचा गंध नाही. मला पदवीपर्यंत इंग्रजी सरांनी शिकवलं, त्यांच्या घरी, चटईवर बसवून. त्यांचा शब्दकोश एवढा जाड होता की त्याची पाठ निघाली तेव्हा त्यांनी एसटीच्या सीटा शिवणाऱ्याकडून तिला रेक्झिन लावून घेतलं होतं. त्याच शाळेत मला नोकरी मिळावी म्हणून अध्यक्षांकडं शब्द टाकला तोही सरांनीच. मी रुजू झालो त्या दिवसापासून त्यांनी मला 'अरे-तुरे' करणं बंद केलं. शिक्षकखोलीत चारचौघांसमोर 'तुम्ही'. मला अवघडल्यासारखं व्हायचं. ते म्हणाले, "खुर्ची सारखी आहे आता."

शिक्षकखोलीत सगळ्यांचे चहाचे कप काचेचे. सरांचा एक स्टीलचा पेला खिळ्याला टांगलेला असायचा. ते सांगायचे, "काचेच्या कपानं माझे ओठ भाजतात." मी ते विक्षिप्तपण समजून घरी हसत सांगायचो. पुष्कळ वर्षांनी एका जुन्या शिक्षकानं दारूच्या भरात सांगितलं, की सर नवीन लागले तेव्हा बौद्ध म्हणून त्यांचा कप वेगळा ठेवत, कान तुटलेला. चौथ्या दिवशी सर घरून पेला घेऊन आले. खिळाही त्यांनीच ठोकला. आम्ही सगळे त्या पेल्याचा विनोद करत आलो, आणि त्यांनी तो आम्हाला करू दिला.

त्या खोलीत सरांबद्दल एक वाक्य नेहमी ऐकू यायचं. "इंग्रजी येतं म्हणून लई माज हाय." त्यांच्याहून चढेल माणसं खोलीत चार होती. त्यांच्याबद्दल 'माज' कुणी म्हणत नव्हतं. त्यांचा 'स्वभाव' होता. माज फक्त सरांचा.

आता सूचनावहीबद्दल. आमच्या शाळेत रोजची सूचना एका लांबट वहीत लिहीत. शिपाई ती वही घेऊन वर्गोवर्गी जायचा, शिक्षक सूचना मुलांना वाचून दाखवायचे आणि आपल्या नावापुढं सही करायचे. हेडमास्तरांच्या हौसेमुळं सूचना इंग्रजीत निघायची. सरांकडं वही गेली की ते आधी लाल पेन काढायचे. चुका दुरुस्त करायचे, समासात नियम लिहायचे, मग सही. शिपाई मौलाचाचा दारात ताटकळायचे आणि खाली येऊन म्हणायचे, "उनके वर्ग कू जाना मतलब आधा घंटा गया." पण आत जायचे. एकदाही सरांना टाळलं नाही.

त्या दिवशी अध्यक्ष मुंबईहून निवडणुकीचं तिकीट घेऊन येणार होते. नववी-दहावीच्या मुलांनी दुसऱ्या तासानंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फुलं घेऊन उभं राहायचं, अशी सूचना निघाली. ती मी लिहिली होती. मौलाचाचांना सकाळपासून अध्यक्षांच्या बंगल्यावर मांडवाला नेलेलं. हेडमास्तर म्हणाले, "वही तुम्हीच फिरवा."

मी सगळे वर्ग केले. सर वरच्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत. दाराशी गेलो. आत ते टेबलावर बसून काहीतरी सांगत होते. माझ्या सूचनेत दोन चुका होत्या, त्या मला जिन्यातच आठवल्या. मुलांसमोर ते लाल पेन काढणार, मी विद्यार्थ्यासारखा उभा राहणार, हे डोळ्यांपुढं आलं. मी दारातून परत फिरलो. नंतर तोंडी सांगू म्हटलं. खाली गर्दीत विसरलो. एवढंच. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर एका माणसाचं आयुष्य गेलं, आणि ते तिथंच थांबवता आलं असतं, हे माझ्या छातीत आजही पेटलेलं आहे.

अध्यक्षांची गाडी आली. सगळी शाळा रस्त्यावर, आणि वरच्या खिडकीतून एका वर्गाचा एकसुरात वाचल्याचा आवाज. अध्यक्षांनी मान वर केली. "वर कोन हाय?"

"इंग्रजीवाले," हेडमास्तर म्हणाले.

"सूचना न्हाई गेली?"

हेडमास्तरांनी माझ्या हातातली वही घेतली. सरांच्या नावापुढची जागा कोरी. "सही न्हाई केली त्यांनी?" त्यांनी मला विचारलं.

"नाही केली," मी म्हणालो.

हे बोलणं अक्षरशः खरं होतं. त्यापेक्षा नीच खोटं मी पुढं कधी बोललो नाही.

अध्यक्षांच्या मनात पत्रिका होती की आणखी काय काय होतं, मला माहीत नाही. त्यांना निमित्त हवं होतं, ते मी वहीत घालून दिलं. आठवड्याभरात हेडमास्तरांनी मला बोलावलं. दार लावलं. "तुमची कायम व्हायची फाइल साहेबांच्या टेबलावर हाय," एवढं आधी सांगितलं. मग म्हणाले, "लिहून द्या, वही दाखवली आन् सही करायला नकार दिला. बास." मी घरी येऊन निवेदन लिहिलं. इंग्रजीत. त्यात लिहिलं, की सरांनी कॉन्ट्युमेशसली नकार दिला.

चौकशी समितीत तीन माणसं. तिघांनाही तो शब्द येत नव्हता, पण वजन कळलं. सरांना उलटतपासणी घ्यायची मुभा होती. ते उभे राहिले. निवेदनाची प्रत त्यांच्या हातात होती.

"तुम्ही वही घेऊन माझ्या वर्गात आलात?"

"आलो."

"मी काय म्हणालो?"

याचं उत्तर मला कुणी शिकवून पाठवलं नव्हतं. मी तिथल्या तिथं रचलं. "'असल्या सह्या मी करत नसतो', असं म्हणालात."

समितीतला एक जण हसला. म्हणाला, "तेच तर. माजच हाय." सरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या खिशातल्या दोन पेनांकडं बघत होतो. "मला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले आणि बसले.

त्यांच्या वर्गात अडतीस मुलं होती. एकानं जरी सांगितलं असतं की वही आलीच नाही, तर सगळं कोसळलं असतं. मौलाचाचांनी त्यांना तसं सुचवलंही. सर म्हणाले, "मुलांना साक्षीला उभं करणार नाही. त्यांना इथंच दहावी व्हायचंय." या हट्टाचाही मला राग येतो. त्यांनी लढायला हवं होतं. मला उघडं पाडायला हवं होतं. पण हा राग म्हणजे माझी पळवाट आहे, हेही मला कळतं. बुडवणाऱ्यानं बुडणाऱ्याला 'पोहला का नाहीस' म्हणून विचारू नये.

बाहेर व्हरांड्यात ते माझ्याजवळून गेले. जाताना थांबले. कित्येक वर्षांनी मला 'तू' म्हणाले.

"स्पेलिंग बरोबर लिहिलंस."

बडतर्फीच्या आदेशात माझा शब्द तीनदा आला. सरांनी वरती दाद मागितली. तिथंही माझं निवेदन आडवं आलं. आणि बघा, काम कसं बेमालूम झालं होतं. शिक्षकखोलीत इतकी वर्षं जे 'माज' म्हणत होते, त्याचंच मी इंग्रजी करून दिलं होतं. मराठीत ते शिवी वाटलं असतं. इंग्रजीत तो निष्कर्ष झाला.

सर बिऱ्हाड घेऊन लातूरला गेले. ते शिकवण्यांचं गाव, पण त्यांच्याकडं डॉक्टर व्हायला निघालेली मुलं येत नसत. तिथं कुणाला महिनाभर एका शब्दापाशी थांबायला वेळ नव्हता. नर्सिंगच्या मुली येत, आणि निलंग्याकडची दोन-चार पोरं. मी कायम झालो, पुढं हेडमास्तर झालो. माझा मुलगाही याच संस्थेत लागला.

एकदाच भेट झाली, लातूरच्या स्टँडवर. मी नांदेड गाडीची वाट बघत होतो. ते दिसले तसं मी पेपर तोंडापुढं धरला. ते येऊन शेजारी बसले.

"हेडमास्तर झालात म्हणे. चांगलं झालं. सूचना अजून इंग्रजीतच काढता?"

"हो सर."

"वही कोण फिरवतं?"

"शिपाई."

"त्याला वर्गात आत जायला सांगत जा. दारातून परत येऊ देऊ नका."

त्यांनी त्या दिवशी मला दारात बघितलं होतं. बघितलं होतं, आणि चौकशीत मला फक्त दोन प्रश्न विचारले होते. मला कबूल करायला दोनदा जागा करून दिली होती. दोनदा पुकारा केला होता. गाडी लागली. मी चढलो. एक अक्षर बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी सर गेले. मी मातीला गेलो नाही. स्मरणिकेचा फोन आला त्या रात्री मुलाला सांगितलं, की मी प्रतिज्ञापत्र करून निवेदन मागं घेणार. तो म्हणाला, "बाबा, कशाला आता? साहेबांचा पोरगा अध्यक्ष हाय. माझी अजून पंधरा वर्षं नोकरी ऱ्हायलीय." त्याचं चूक नव्हतं. तो मी तेव्हा जे केलं तेच करत होता, पोट सांभाळत होता. मी म्हटलं, "तुझ्यावर आलं तर माझं नाव घे." तो उठून आत गेला. अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

प्रतिज्ञापत्र केलं. नोटरीचा शिक्का घेतला. एक प्रत संस्थेला, एक शिक्षण खात्याला देणार होतो, पण आधी सरांच्या मुलीला दाखवावं म्हणून लातूरला गेलो. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. ड्यूटीवरून नुकतीच आलेली, पायातल्या चपलाही काढलेल्या नव्हत्या. मी कोण ते सांगितलं. तिनं 'या' म्हटलं, 'बसा' म्हटलं नाही. कागद घेऊन उभ्यानं वाचला.

"'माझ्याकडून दबावाखाली लिहून घेण्यात आले'," तिनं मोठ्यानं वाचलं. "काय काय लिहून घेतलं, काका?"

"वही दाखवली म्हणून. सही नाकारली म्हणून."

"आन् तो शब्द?"

मी तिच्या हातातल्या कागदाकडं बघितलं.

"साहेबांना येत होता तो शब्द? हेडमास्तरांना?"

"नाही."

"आम्ही केसपेपरवर कुणी काय दिलं ते नावासकट लिहितो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "डॉक्टरनं सांगितलं ते वेगळं, आपण आपल्या मनानं टोचलं ते वेगळं. दोन्ही एकाच नावाखाली लिहून कसं चालंल?"

मी खरं सांगितलं. हेडमास्तरांनी मराठीत दोन वाक्यं सांगितली होती. दबाव तेवढ्याचाच होता. शब्द माझा होता. त्या रात्री निवेदन लिहून झालं, ते मला फार साधं वाटलं. समितीतल्या लोकांना कळावं, की मलाही इंग्रजी येतं, सरांइतकं येतं, म्हणून मी तो घातला. घालताना त्याचा अर्थ मला या गावात सरांखालोखाल ठाऊक होता. घालून झाल्यावर वाक्य मी पुन्हा वाचलं, आणि मला ते आवडलं होतं.

तिनं ऐकून घेतलं. मी खिशातलं पेन काढलं, म्हणालो, "खाली लिहून देतो."

"शिक्क्याच्या खाली लिहिलेलं चालत न्हाई," ती म्हणाली आणि कागद माझ्या हातात परत दिला. "नवीन करून आणा."

दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन मी नवा कागद केला. त्यात 'दबावाखाली' हा शब्द नाही.